सुपरहिरो स्वतःचं नाव ओरडून का सांगतात? तुमच्या आठवणी लिहा

मोरपीस
काल भाचा झोपायच्या आधी पाणी आणायला निघाला. पॅसेजमधला दिवा बंद होता. दारात थांबला, कमरेवर हात ठेवले आणि ठणकावून म्हणाला, "मी आहे वीजवीर! अंधारा, बाजूला हो!" आणि गेला. धावत नाही, चालत गेला.

मला एकदम माझं लहानपण आठवलं. अशीच घोषणा केल्याशिवाय मी अंधारा जिना चढायचे नाही. दादा म्हणायचा, "गुपचूप गेलीस तर राक्षसाला कळणारही नाही, ओरडून कशाला सांगतेस?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. पण नाव घेतलं की पाय उचलायचा, एवढं खरं. सुपरहिरोंचंही तेच. खरं नाव मुखवट्याआड लपवतात आणि दुसरं नाव सगळ्या शहराला ऐकवतात. वर प्रत्येकाचं एक पेटंट वाक्य.

असं का करत असतील? तुमचे, मुलांचे, कुणाचेही अनुभव लिहा. आणि तुमचं हिरोनाव काय होतं तेही सांगा!

उनाडवारा
गरुडझेप!!! आम्ही तिघं भाऊ, तिघांनाही हेच नाव हवं होतं. मारामारी व्हायची. बाकी सविस्तर रात्री लिहितो, आता मीटिंग आहे.

जुनापुराणा
यातलं निम्मं उत्तर रेडिओत आहे. सुपरमॅन छापून आला १९३८ मध्ये आणि १९४० मध्ये त्याची रेडिओ मालिका सुरू झाली. ऐकणाऱ्याला तो उडताना दिसणार कसा? म्हणून उडायच्या आधी तो "वर, वर आणि दूर!" अशा अर्थाचं वाक्य म्हणायचा आणि मागून वाऱ्याचा आवाज यायचा. ऐकणाऱ्याला कळायचं, निघाला.

त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे क्लार्क केंट (सुपरमॅनचं साध्या माणसाचं रूप) आणि सुपरमॅन या दोघांना बड कॉलियर या एकाच नटाचा आवाज होता. "हे काम सुपरमॅनचं" हे वाक्य तो क्लार्कच्या वरच्या पट्टीत सुरू करायचा आणि मध्येच आवाज खाली, छातीत न्यायचा. सबंध वेषांतर त्या एका वाक्यात! मी जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत, अजूनही काटा येतो.

(विषयांतर: सुपरमॅनला दुबळा करणारा क्रिप्टोनाइट दगडही आधी रेडिओवर आला, १९४३ मध्ये. कॉमिक्समध्ये नंतर.)

कानसेन
जुनापुराणा काका, अगदी मनातलं बोललात. मला जन्मापासून दिसत नाही. कार्टून बघायला (हो, मी बघणंच म्हणतो) भावंडांबरोबर बसायचो. मारामारी सुरू झाली की नुसता धडाधड आवाज, कोण कुणाला हाणतंय काही कळायचं नाही. त्यात एखादा ओरडून नाव सांगायचा आणि मी टाळी वाजवायचो, कारण त्या क्षणी मला सगळ्यांच्या बरोबरीने कळायचं की तो आला. हल्लीचे हिरो फार गप्प असतात. नुसतं संगीत चढतं आणि शेजारच्याला विचारावं लागतं, "कोण आलं?" ज्यांना हे डायलॉग पोरकट वाटतात त्यांनी एकदा डोळे मिटून सिनेमा ऐकावा.

मोरपीस
कानसेन, हा विचार माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. मनापासून धन्यवाद. आज भाच्याबरोबर डोळे मिटून ऐकणार.

झुळूक
माझ्या लेकीचा केप शिवून द्यायचाय, उद्याच हवाय. साटिन घसरतं हो मशीनवर. कुणी सांगेल का काय करायचं?

दोरासुई
झुळूकताई, साटिनखाली पातळ कागद ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. आणि गळ्याशी गाठ नको, वेल्क्रो लावा. कुठे अडकला तर लगेच सुटतो, मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं.

रानवाट
उलटं उदाहरण देते. वेताळ! म्हणजे ली फॉकचा फँटम, १९३६ चा. आमच्या पिढीला इंद्रजाल कॉमिक्समुळे घरचाच. तो स्वतःबद्दल क्वचित बोलतो. त्याच्याबद्दल जंगलच बोलतं, "जंगलातली जुनी म्हण" म्हणून. बोलणं दुसऱ्यांकडे, त्याच्याकडे फक्त कवटीची अंगठी. ठोसा बसला की जबड्यावर खूण उमटते, ती त्याची सही. मला लहानपणी हाच सगळ्यात भारी वाटायचा. स्वतः सांगावं लागत नाही इतकं नाव व्हायला पिढ्या जाव्या लागतात, आणि वेताळाच्या तर एकवीस पिढ्या झाल्या.

उनाडवारा
मीटिंग संपली. वेताळ +१००. पण रानवाट, नव्या हिरोला एकवीस पिढ्या कुठून आणायच्या? त्याला सांगावंच लागणार.

शाईचाडाग
कॉमिक्स गोळा करतो म्हणून लिहितो. अंक महिन्याला निघायचे, आणि कुणाच्या हाती कुठला अंक पहिला पडेल याचा नेम नसायचा. म्हणून दर अंकात कोण कोण आहे, कुणाची शक्ती काय, हे पात्रांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. जुना वाचक ती ओळ ओलांडून पुढे जायचा, नव्याला मात्र तेवढाच आधार. मला पहिला अंक मिळाला तो मधलाच होता, मागची पुढची पानंही नव्हती. नायकाने स्वतःचं नाव सांगितलं नसतं तर मी पुढचा अंक शोधलाच नसता. आजही ती नाव सांगणारी ओळ मी ओलांडत नाही.

हळूबोल
फार लिहीत नाही मी इथे. पण हा विषय माझा आहे.

मी बोलताना अडखळते, लहानपणापासून. माझ्यासारख्या अनेकांना सगळ्यात अवघड जातो तो शब्द म्हणजे स्वतःचं नाव. दुसरा शब्द अडला तर त्याच अर्थाचा वेगळा वापरता येतो, नावाला पर्याय नाही. वर्गात ओळख करून द्यायची वेळ आली की माझ्या आधीच्या मुलींची नावं ऐकूच यायची नाहीत, फक्त छातीचे ठोके. पण खेळात मी "अग्निशिखा" होते आणि "मी अग्निशिखा!" हे एकदाही अडलं नाही. एकदाही नाही. पुढे वाचाउपचार करणाऱ्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. भूमिकेत शिरल्यावर, गाताना, एकसुरात म्हणताना बऱ्याच जणांचं बोलणं सुटतं म्हणाल्या. हिरो नाव का सांगतात ते माहीत नाही, पण मी का सांगायचे ते मला नीट माहीत आहे.

मोरपीस
हळूबोल, काय लिहिलंयस गं. दोनदा वाचलं.

कानसेन
अग्निशिखा, सलाम.

शाईचाडाग
हळूबोल, तुमच्यासाठी एक खास. १९४१ मध्ये कॅप्टन मार्व्हल ज्युनियर नावाचा हिरो आला. फ्रेडी हा कुबडी घेऊन चालणारा मुलगा, 'कॅप्टन मार्व्हल' म्हटलं की वीज कोसळते आणि तो हिरो होतो. अडचण अशी की त्याच्या स्वतःच्या नावातच ते शब्द आहेत! नाव सांगायला गेला की रूप बदलणार. म्हणजे स्वतःचं नाव उच्चारता न येणारा हिरो खरोखर होऊन गेलाय, आणि तो लोकांचा लाडका होता.

हळूबोल
हे मला आयुष्यभर कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद दादा. फ्रेडीची चित्रं शोधतेय आता.

तिसरीघंटा
जपानी मालिका कुणी पाहिल्यात का? पाच रंगांचे पाच वीर, एकेक पुढे येतो, पवित्रा घेतो, नाव सांगतो, मागे स्फोट. १९७५ पासून हा प्रकार चालू आहे. याची मुळं काबुकी या जपानच्या पारंपरिक नाटकात आहेत. १८६२ च्या एका नाटकात पाच चोर रांगेत उभे राहून एकेक करून आपली ओळख देतात, तो प्रवेश आजही गाजतो. आणि तोवर शत्रू थांबलेला असतो! नाटकवाल्यांना यात वावगं काही वाटत नाही. रंगमंचावर मीही केलंय, पहिल्या वाक्याला प्रेक्षक आपला झाला की पुढचे दोन तास तो सोबत राहतो.

पोथीवाचक
आपल्या मारुतीरायाला विसरलात सगळे. वाल्मीकींचं सुंदरकांड बघा. लंकेत शिरताना लहान रूप, स्वतःचं नाव सांगत नाही. सीतामाई दिसल्यावर झाडावर बसून हळू आवाजात आधी रामकथा सांगतो, ती घाबरू नये म्हणून. आणि अशोकवन उद्ध्वस्त केल्यावर गर्जना, "दासोऽहं कोसलेन्द्रस्य", म्हणजे मी कोसलराजा रामाचा दास. त्यातही आधी राम, लक्ष्मण, सुग्रीवाचा जयजयकार, मग स्वतःचं नाव. केव्हा गप्प, केव्हा हळू, केव्हा गर्जना, तिन्ही त्याला येतं. याच्या उलट ग्रीकांचा ओडिसियस. एकडोळ्या राक्षसाला 'माझं नाव कुणीच नाही' सांगून सुटला, पण निघताना राहवलं नाही, खरं नाव ओरडला आणि समुद्रदेवाचा राग ओढवून घेतला.

उनाडवारा
पोथीवाचक काका, 'हळू आवाजात' हे माहीतच नव्हतं! सुंदर.

पहिलीमदत
अपघात झालेल्यांना मदत करण्याचं प्रशिक्षण मी घेतलं आहे. तिथे सुरुवातीलाच शिकवतात, जखमी माणसाजवळ गेलात की आधी नाव सांगा, कशासाठी आलात ते सांगा, मग हात लावा. एकदा गाडीखाली अडकलेल्या आजोबांजवळ मी आडवा पडून सारखं तेच बोलत होतो, मी अमुक, मी इथेच आहे, कुठे जात नाही. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. नंतर भेटले तेव्हा चेहऱ्यावरून ओळखलं नाही, आवाज ऐकल्यावर हात धरला. बॅटमॅन नाव सांगतो ते गुंडाला धडकी भरावी म्हणून. पण सुपरमॅन आल्याचं कळतं तेव्हा खाली अडकलेल्याचा जीव भांड्यात पडतो. मला हे दुसरं सांगणं जास्त मोठं वाटतं.

रानवाट
पहिलीमदत, आजोबा आता बरे आहेत ना?

पहिलीमदत
हो, छान चालतात. काठी घेऊन.

झुळूक
दोरासुईताई, कागदाची युक्ती लागू पडली! केप तयार. लेकीचं हिरोनाव अजून ठरत नाहीये. 'वादळराणी' की 'चांदणी'? तिचं म्हणणं, ओरडायला सोपं हवं.

तिसरीघंटा
वादळराणी. 'दळ'वर जोर देता येतो आणि शेवटचा 'णी' लांबवता येतो. म्हणून बघायला सांगा तिला.