'बोलका पुतळा' की 'बोलता पुतळा'? (रोमचा पास्क्वीनो)

एका भाषांतरात अडकलेय, मदत हवीये. रोममधे पियात्सा नावोनाच्या जवळ, पालात्सो ब्रास्कीच्या कोपऱ्यावर पास्क्वीनो नावाचा एक जुना संगमरवरी पुतळा आहे, हात गेलेले, पाय तुटलेले, नाकडोळे झिजून सपाट. १५०१ मधे कार्डिनल ओलिविएरो काराफाने तो तिथे बसवला आणि हळूहळू लोक त्याच्यावर पोपची, सरदारांची टिंगल करणाऱ्या कविता चिकटवायला लागले, निनावी. असे रोममधे सहा पुतळे आहेत, इटालियनमधे त्यांना 'स्तातुए पार्लांती' म्हणतात. मी सरळ 'बोलके पुतळे' लिहिलं तर मैत्रीण वाचून म्हणाली, अगं म्हणजे फार जिवंत कोरलेत का? तिचं बरोबरच आहे, बोलका चेहरा, बोलके डोळे असंच म्हणतो ना आपण. आणि याला तर चेहराच उरला नाहीये! मग 'बोलते' करू का?

*

ताई, 'बोलते' नको. पुतळा बोलता झाला म्हटलं की चमत्कार झाला असं वाटतं, देवळात गर्दी होईल. 'बोलके'च ठेवा, पण चेहऱ्यातला नाही, बोलक्या बाहुल्यांमधला. बाहुली कुठे बोलते, बोलतो मागचा माणूस, पण बाहुलीच्या तोंडून काहीही खपतं. रोममधे राज्य पोपचं, स्वतःच्या नावाने लिहिलं तर जीव जायची भीती, म्हणून नाव पास्क्वीनोचं. बाहुल्यांसारखे यांचे संवादही असायचे, मार्फोरिओ म्हणून दुसरा पुतळा आहे, पहुडलेला नदीदेव, तो एकीकडे प्रश्न विचारणार आणि पास्क्वीनो दुसरीकडे उत्तर देणार.

*

मला 'पुतळा'च खटकतोय. पुतळा म्हणजे कोणाचा ते कळतं, चौथरा असतो, जयंतीला हार पडतो. हे मुळात ग्रीक धाटणीचं युद्धातलं शिल्प, ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक राजा मेनेलाउस मेलेल्या पात्रोक्लसला, आपल्याच बाजूच्या योद्ध्याला, सावरतोय असं अभ्यासक सांगतात, पण लोकांना त्याचं काय, त्यांनी शेजारच्या कुणाचं तरी नाव देऊन टाकलं, कोणी सांगतं शिंपी होता, कोणी न्हावी, कोणी शाळामास्तर. 'भग्न शिल्प' म्हणा की.

*

भग्न शिल्प म्युझियमच्या पाटीवर ठीक आहे हो, गल्लीतला माणूस असं बोलेल का? आणि हार म्हणाल तर यालाही होता जवळपास, २५ एप्रिलला सेंट मार्कच्या सणाला त्याला कपडे घालून नटवायचे आणि लॅटिन कविता लावायचे, टवाळी त्यातूनच वाढली. मूर्ती मात्र चुकूनही म्हणू नका. अर्थात भंगलेल्या मूर्तीचं आपण करतो ते करायचा विचार पोप सहाव्या आड्रियानच्या मनात होता, तिबर नदीत विसर्जन! तेव्हा कोणीतरी समजावलं म्हणे, की नदीत टाकलात तर तळाशी बेडकांनासुद्धा शिकवेल आणि तेही ओरडतील. राहिला मग तिथेच.

*

आणि त्या चिठ्ठ्यांना काय म्हणायचं, 'पास्क्विनाता'? इंग्रजीत पास्क्विनेड झालाय, आपल्याकडे वात्रटिका चालेल का? की पुणेरी पाटी? 😀

*

पाटी अजिबात नाही. पाटी घरमालक लावतो, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायला. इथे उलटं, रस्त्यावरचा माणूस मालकाला ऐकवतोय. वात्रटिका जवळ जाते पण ती सही करून पेपरात छापतात, हिच्यात निनावीपणा हाच जीव आहे. मी तर 'पास्क्वीनोची चिठ्ठी' म्हणेन, चिठ्ठी शब्दात गुपचूपपणा आपोआप येतो.

*

चिठ्ठी घेतली, मस्त! एक वाक्य मात्र आयतं मिळालं ते सांगते. पोप आठवा उर्बान हा बार्बेरिनी घराण्यातला, त्याने पँथिऑन या रोममधल्या प्राचीन देवळाच्या पुढच्या ओसरीचं ब्राँझ काढून वितळवलं, बरंचसं तोफांसाठी, त्यावर लॅटिनमधे चिठ्ठी आली की जे 'बार्बारी'ने केलं नाही ते 'बार्बेरिनी'ने केलं. मराठीत लिहिलं, "बर्बरांना जमलं नाही ते बार्बेरिनींनी करून दाखवलं." कोटी जशीच्या तशी आली, कारण बर्बर आपल्याकडेही आहेच, संस्कृतातला, ग्रीक 'बार्बारोस'च्या नात्यातला, दोन्हीकडे मूळ भाव तोच, ज्याचं बोलणं नुसतं बरबर वाटतं तो परका. शिवाय या घराण्याचं चिन्ह तीन मधमाश्या, शिल्पकार बेर्निनीने सेंट पीटर चर्चमधल्या छत्रावरसुद्धा त्या बसवल्यात, पण आधी त्या गोमाश्या होत्या! जुनं आडनाव 'ताफानी', ताफानो म्हणजे गोमाशी, भरभराट झाल्यावर मधमाशी केली. कामाची, मध देणारी, राजाला शोभणारी. रक्त पिणारी कोण ठेवेल हो चिन्हात.

पण नेपोलियनच्या काळातली एक हातातून निसटतेय. फ्रेंच सगळे चोर का? सगळे नाही, पण 'बोना पार्ते'. म्हणजे बरेचसे, आणि बोनापार्तही. बरेचसे, बहुतेक, निम्मेशिम्मे, सगळं लावून पाहिलं, काहीच बसत नाही.

*

बसणार नाही, तशीच ठेवा आणि कंसात सांगा. मला दुसरीच शंका आहे. सहामधला एक 'बाबुइनो', आडवा पडलेला सिलेनस (ग्रीक पुराणातला दारुडा वनदेव), इतका कुरूप वाटला की लोकांनी बबून नाव ठेवलं आणि त्याच्यावरून अख्ख्या रस्त्याचं नाव व्हिया देल बाबुइनो पडलं. आता बबूनला मराठीत काय लिहिणार? वानर म्हटलं तर शिवी होत नाही आणि माकड म्हटलं तर लाडात म्हटल्यासारखं वाटतं.