पोटमाळ्यावर उदमांजर व्यालंय, शाकारणी कशी करू?

पेठेतली सून:
कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचं जुनं कौलारू घर आहे. खोलीला फळ्यांची तक्तपोशी, तिच्यावर पोटमाळा आणि वर मंगलोरी कौलं. गेले दोन आठवडे रात्री साडेआठच्या सुमारास वर धपधप आवाज होतो, तसाच पहाटे चारला. आधी वाटलं बोका असेल. मग सासऱ्यांनी बॅटरी मारली, तर वळचणीला लांब शेपटीचं, काळ्या तोंडाचं जनावर बसलेलं. आता चार दिवस वर बारीक चिवचिव चालू आहे, म्हणजे पिल्लं आहेत. तक्तपोशीवर ओला डाग पडलाय, वास सुटलाय, आणि माझी चार वर्षांची मुलगी त्याच खोलीत झोपते.

शेजारचे म्हणतात हे मसण्याऊद, मढी उकरतं, घरात असू नये. एकजण म्हणाला केळ्यात उंदराचं औषध घालून ठेवा. दुसरा म्हणतो पिंजरा लावा आणि दाजीपूरच्या जंगलात सोडून या. कौलवाले मृगाच्या आत शाकारणीला येणार आहेत, आता सोडले तर पावसाआधी पुन्हा मिळायचे नाहीत. मला त्या जनावराला मारायचं नाही. पण घर गळायला लागलं तर काय करू? कुणी यातून गेलंय का?

गंगावेशकर:
ताई, मी गेलोय आणि माझ्या हातून चूक झाली, ती आधी सांगतो. २०१९ च्या महापुराचं पाणी ओसरल्यावर आम्ही घराची दुरुस्ती काढली. वर उदमांजर होतं. एका रात्री ते बाहेर पडलेलं बघितलं आणि मी लगेच फुटकं कौल बदलून वाट बुजवली. आत पिल्लं आहेत हे मी बघितलंच नाही. ती आई तीन रात्री कौलं ओरबाडत होती. आम्ही खाली झोपून ऐकत होतो. चौथ्या दिवशी वास आला. तक्तपोशीच्या दोन फळ्या उचकटल्या, तर तीन पिल्लं मेलेली. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणून हात जोडून सांगतो, वाट बुजवायची घाई करू नका.

मढी उकरायचं मनातून काढून टाका. हे जनावर मुख्यतः फळं खातं. पपई, चिकू, आंबा, उंबर, जोडीला उंदीर आणि किडे. माळ्यावर विष्ठा पडली असेल ती बघा, बियाच बिया दिसतील. नावात मांजर आहे, पण मांजराच्या कुळातलं नाही, मुंगसाच्या जवळचं आहे.

औषध तर घालूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मारणं गुन्हा आहे. शिवाय आई बाहेर कुठेतरी मरेल आणि पिल्लं तुमच्या डोक्यावर उपाशी मरतील. पिंजऱ्याचंही तेच, आई दाजीपूरला आणि पिल्लं पेठेत. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर आधी फोन करा, तो फुकट लागतो.

आता करायचं काय? माळ्यावर एक बल्ब लावून दिवसभर चालू ठेवा, शेजारी रेडिओ ठेवा. दिवसा अंधार आणि शांतता मिळाली नाही की आई स्वतः पिल्लं तोंडात धरून एकेक करून दुसरीकडे नेते. वाटेखालच्या फळीवर रांगोळी पसरा, पायांचे ठसे कळतील. ठसे थांबले की वाटेत वर्तमानपत्राचा बोळा सैलसर बसवा. सलग तीन रात्री बोळा हलला नाही आणि चिवचिवही नाही, तरच बुजवा.

टोरांटोकर:
मी मूळची मंगळवार पेठेतली. इथे आमच्या पोटमाळ्यात रॅकून शिरली होती. तिचे पुढचे पंजे हातासारखे चालतात, छपराची सैल फळी तिने उपसून काढली. इथेही पिल्लं वसंतात होतात आणि गोंधळ तोच. आमच्याकडे आलेल्या माणसाने पिल्लं हातमोजे घालून काढली, खोक्यात घालून वाटेच्या बाहेर ठेवली आणि वाटेवर फक्त बाहेर उघडणारी झडप बसवली. आई बाहेर आली आणि रात्रीतून सगळी घेऊन गेली. तुम्ही मात्र पिल्लांना स्वतः हात लावू नका, आई चावते. चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर हॉस्पिटलला जाऊन रेबीजची लस घ्या. विष्ठा कोरडी झाडू नका. मास्क लावा, आधी पाणी मारा. तोवर लेकीला दुसऱ्या खोलीत झोपवा.

कौलकाम:
वहिनी, आमचा धंदाच शाकारणीचा. पिल्लं छपराच्या ज्या उताराखाली, म्हणजे पाख्याखाली आहेत ते पाखं शेवटी धरायला सांगा, दुसरं आधी होऊ दे. तेवढ्यात चार-पाच दिवस मिळतात. वळिवाचा पाऊस आला तर त्या पाख्यावर ताडपत्री टाका, पण वळचणीची वाट उघडी ठेवा. नंतर भोकावर नुसतं कौल ठेवून भागायचं नाही, ते डोक्याने उचलतंय. आतून लोखंडी जाळी मारा. आणि घरावर आलेली फांदी तोडा, त्याशिवाय ते थांबायचं नाही.

पेठेतली सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. १९२६ ला फोन केला, त्यांनीही पिल्लं आहेत तोवर वाट बंद करू नका म्हणून सांगितलं. बल्ब आणि रेडिओ लावला. दुसऱ्या रात्री सासरे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. साडेनऊला ती एक पिल्लू मानेला धरून शेवग्यावरून परड्यात उतरली. अकरापर्यंत तीन नेली. आम्हाला वाटलं झालं, बोळा बसवला. सकाळी बघतो तर बोळा खाली पडलेला. चौथं राहिलं होतं. गंगावेशकर दादा, तुमचं ऐकलं नसतं तर त्याच रात्री जाळी मारली असती.

आज पुन्हा बसवलेल्या बोळ्याची तिसरी रात्र झाली, जागचा हललेला नाही. एक पाखं शाकारून झालंय. उद्या सकाळी जाळी मारतोय आणि शेवग्याची फांदी उतरवतोय.