गुणगौरव आणि संमेलन: चार भाषांची मुलं असलेल्या शाळेत कसं बसवायचं?

वायंगण (प्रश्न; पुढे प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातली अनुदानित माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावी, पट २१४. कुणबी, भंडारी, खारवी, कोकणी मुस्लिम ही गावातली मुलं. शिवाय बागेत राखणीला आणि बोटीवर खलाशी म्हणून आलेल्या नेपाळी कुटुंबांतली २७, आणि चिरेखाणीवर, म्हणजे जांभा दगडाच्या खाणीवर, काम करणाऱ्या विजापूरकडच्या कन्नड बोलणाऱ्यांची १९.

गुणगौरव जानेवारीत संमेलनाला जोडून होतो आणि अडीच तास चालतो. प्रत्येक वर्गातले पहिले तीन, आदर्श विद्यार्थी, देणगीदारांच्या ढाली. स्टेजवर फिरून फिरून तीच मुलं. बागेतली मुलं दिवाळीनंतर येतात, आंबा संपला की जातात, त्यामुळे यादीत त्यांचं नाव कधी लागतच नाही. संमेलनात ‘विविधतेत एकता’ म्हणून एक नाच असतो, त्यात भाड्याचे कपडे घालून चार मुलं चार कोपऱ्यांत उभी राहतात.

यंदा सगळं समितीवर आलंय. यादी कशी करावी, कुठल्या परीक्षा धराव्यात, कार्यक्रम किती वेळाचा, जेवणाचं काय? ‘सगळ्यांना सामावून घ्या’ असं मोघम नको, काय करायचं ते सांगा.

फळ्याखाली

आधी टक्केवारी यादीच्या डोक्यावरून खाली उतरवा. कोकण मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ ला ९९.०१ टक्के होता, २०२५ ला ९८.८२. पास होणं ही आपल्याकडे बातमी नाही, आणि ९२ नि ९१.६० मधल्या फरकाला ढाल कशाला? वर्गातले पहिले तीन जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात परिपाठाला पुकारा, पेन द्या, विषय संपला.

आता वेळेचा हिशोब. नाव पुकारलं, मूल मागच्या रांगेतून आलं, फोटो झाला, खाली उतरलं की ४५ सेकंद जातात. म्हणजे ८० बक्षिसांना बरोबर एक तास. तुमचे अडीच तास होतात, तर उरलेला दीड तास कुठे जातो ते मी सांगायला नको. पाहुणा एक, भाषण सात मिनिटं, आणि तेही बक्षिसांच्या आधी. नंतर ठेवलंत तर पालक उठून जातात.

यादी एका दिवसात होत नाही, वही ठेवावी लागते. प्रत्येक मुलाला अर्धं पान. प्रत्येक विषयशिक्षकाने महिन्यातून एकदा, तारीख घालून, स्वतः पाहिलेली एक गोष्ट एका ओळीत लिहायची. ‘हुशार व नम्र’ ही नोंद बाद. ‘१२ डिसेंबर, अपूर्णांकांची बेरीज बाकावरच्या मुलाला कन्नडमधून समजावली’ ही चालते. नोव्हेंबरात आलेल्या मुलाचं पान नोव्हेंबरापासून सुरू होतं, आणि जानेवारीपर्यंत त्यावरही चार-सहा ओळी जमतात. बक्षीस त्या ओळीला द्यायचं आणि पुकारताना तीच ओळ वाचायची.

बाहेरच्या परीक्षांत उशिरा आलेली मुलं का सुटतात ते तारखा पाहिल्या की कळतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचे अर्ज पावसाळ्यात भरून होतात, ‘इन्स्पायर मानक’ या केंद्राच्या विज्ञान योजनेला मुलांच्या कल्पनाही साधारण सप्टेंबरपर्यंत जातात. दिवाळीनंतर आलेल्या मुलाला त्या वर्षी दोन्ही नाहीत. म्हणून पुढच्या वर्षी परतणार असतील त्यांच्या पालकांचा नंबर मे महिन्यात घेऊन ठेवा आणि जुलैत फोन करा.

चित्रकलेचा क्रम लावा: आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर दहावीत ७ गुण, ब ला ५, क ला ३. दहावीत हातात ब्रश देऊन काही होत नाही. आपल्याकडची मुलं स्थिरचित्र नि स्मरणचित्र बरं काढतात, अडकतात कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखनात, कारण त्याचा सराव कोणी घेतच नाही. भाषेची अडचण या परीक्षेत सगळ्यांत कमी, म्हणून नवीन मुलाला आधी इथे घाला.

एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत, बहुधा डिसेंबरात. बौद्धिक क्षमता ९० गुण, शालेय क्षमता ९० गुण, प्रत्येकी ९० मिनिटं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात. मूल दुसऱ्या शाळेतून आलं असेल तर सातवीचं गुणपत्रक आधी मागून घ्या, अर्ज नेमका तिथेच अडतो. आणि निवड झाली म्हणून हार घालून मोकळे होऊ नका. दर वर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं की पैसे थांबतात आणि पालकांना वाटतं शाळेनेच खाल्ले.

इन्स्पायरला शाळेकडून पाच कल्पना जातात, निवड झाली की मुलाच्या खात्यात १०,००० रुपये. शिक्षकांनी इंटरनेटवरून उचललेलं ‘स्मार्ट डस्टबिन’ पाठवू नका, तसल्या डस्टबिनांचा ढीग असतो. चिरा कापताना उडणारी तांबडी धूळ, झेल्याच्या (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीच्या) पात्याने आंब्याला लागणारा ओरखडा, फाटलेलं जाळं लवकर कसं विणावं, हे त्या मुलांच्या घरातले प्रश्न आहेत. त्यांनाच विचारा.

जनरल रजिस्टर

वरचं सगळं मान्य. पण प्रमाणपत्रावर नाव चुकलं तर गौरव फुकट. कार्यालयाच्या बाजूने थोडं.

आठवीपर्यंत दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९, कलम ५ आणि १४. प्रवेश द्या आणि कागद मागवत राहा. नववीपासून हे कवच नाही, म्हणून आठवीतच फाइल पूर्ण करा.

नेपाळच्या जन्मदाखल्यावर विक्रम संवत असतो. सरसकट ५७ वजा करून मोकळे होणारे पुष्कळ. ते वर्ष एप्रिलच्या मध्यात, वैशाखात सुरू होतं. वैशाखापासून आपल्या ३१ डिसेंबरपर्यंत ५७ वजा, आणि १ जानेवारीपासून चैत्र संपेपर्यंत ५६. म्हणजे २०६८ चा वैशाख हा एप्रिल-मे २०११, पण २०६८ चा माघ हा २०१२ मधला. तिथे ५७ वजा केलेत तर मूल वर्षाने मोठं झालं, आणि १४ वर्षांखालच्या कबड्डीतून नाव बाद. दुसरी चूक याहून गमतीची: महिन्यांची नावं आपल्यासारखी म्हणून कालनिर्णय उघडून तिथी शोधणं. त्यांचे महिने सौर आहेत, २९ ते ३२ दिवसांचे, आपल्या चांद्र महिन्यांशी जुळत नाहीत. दिवस काढायला तारीख बदलून देणारं ॲप वापरा, दोन ठिकाणी ताडून बघा आणि मूळ दाखल्याची झेरॉक्स फाइलला लावा.

नावाचं तसंच. आपला फॉर्म आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा मागतो. ‘बहादुर’ किंवा ‘कुमार’ हा नावाचाच भाग असतो, तो वडिलांच्या रकान्यात टाकला की दहावीच्या गुणपत्रकापर्यंत ती चूक जाते. कन्नड मुलांच्या आधारवर कधी आडनावाच्या जागी गावाचं नाव असतं. शाळेने आपल्या मनाने आडनाव ठरवायचं नाही. आधार, बँक पासबुक आणि रजिस्टर तिन्ही समोर ठेवून स्पेलिंग एक करा, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात येत नाही. नववीच्या दिवाळीआधी हे व्हायला हवं. मुलाने शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली दुरुस्ती म्हणजे शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या.

सूत्रसंचालकाच्या कार्डावर नाव देवनागरीत, मूल उच्चारतं तसं लिहा. आदल्या दिवशी मुलाकडून वाचून घ्या. दाखल्यावर आडनाव ‘बि. क.’ असेल तर तेवढंच वाचा, त्याचा विस्तार माइकवर करू नका. त्यातून जात कळते.

चाळ

संमेलनाबद्दल. ‘विविधतेत एकता’ रद्दच करा. त्याऐवजी जोड्या लावा, कारण इथल्या नि बाहेरच्या प्रकारांत जुळणाऱ्या गोष्टी आहेत.

जाखडी (कोकणातला गोलात फिरायचा नाच) आणि देउसी. तिहारमध्ये, म्हणजे त्यांच्या दिवाळीत, नेपाळी मुलं घरोघरी देउसी म्हणतात. एक जण ओळ सांगतो, बाकीचे ‘देउसी रे’ म्हणून उचलतात. जाखडीतही बुवा म्हणतो आणि बाकीचे झेलतात. त्यांचा मादल हा ढोल हाताने दोन्ही तोंडांवर वाजतो, मृदंग वाजवणाऱ्या पोराला आठवड्यात जमतो. सहा गावातली आणि सहा नेपाळी अशी बाराजणांची एकच टोळी करा. आधी देउसी पाच मिनिटं, मग त्याच मुलांची जाखडी पाच मिनिटं, मध्ये पडदा नाही. रोज अर्धा तास धरला तर तीन आठवडे पुरतात.

जाखडी स्टेजवर घेऊ नका. एका पायात चाळ बांधून बाराजण गोल फिरायला किमान २० फूट लागतात, शाळेच्या १२ फुटी स्टेजवर कोपराला कोपर लागतं आणि गोलाचं अंडं होतं. मैदानात चुन्याने गोल आखा, लोक सभोवती बसवा. तिची जागा अंगणातच.

कन्नड मुलांचं कोलाट म्हणजे काठ्यांचा खेळ, आपल्या टिपऱ्यांच्या जवळचा. काठ्या दीड फुटाच्या, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केलेल्या, आणि प्रत्येकी दोन शिवाय चार जास्तीच्या. एक तरी मोडतेच.

उर्दू येणारी मुलं असतील तर बैतबाजी. शेर ज्या अक्षरावर संपला त्यावर पुढचा सुरू करायचा. आपल्या भेंड्याच की! एका बाजूला शेर, दुसऱ्या बाजूला मराठी कवितेच्या ओळी, अक्षर उच्चारावरून ठरवायचं. ‘ळ’ आणि ‘ण’ आले की सूट, नाहीतर खेळ अडतो. दहा मिनिटांत गुंडाळा.

नमन (कोकणातलं लोकनाट्य) हवं असेल तर त्यातलं गण आणि गवळण एवढंच, बारा मिनिटं. त्यातलं संकासुराचं सोंग आणलंत की पोरं त्याला सोडत नाहीत आणि तुमचं वेळापत्रक गेलं. एकूण कार्यक्रम दोन तास. रात्री ठेवलात तर स्पीकर दहाला बंद करावा लागतो, शिवाय बोटीवरचे पालक येतच नाहीत.

वायंगण

जोड्यांची कल्पना पटली. वार कुठला धरू? आणि जेवणाचं कोणी सांगेल का? गेल्या वेळी मटणावरून वाद झाला, मग सगळ्यांना वडापाव वाटला.

भात-आमटी

शनिवार सकाळ, साडेनऊ ते साडेअकरा, मग जेवण. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते, त्यात कार्यक्रम अडकवू नका. फेब्रुवारीवर ढकलू नका, तिकडे दहावी नि मागोमाग शिमगा.

जेवण शाकाहारी ठेवा, म्हणजे हलालचा प्रश्न नाही, वारांचा नाही आणि लिंगायत घरांचाही नाही. भात, काळ्या वाटाण्याची आमटी, कोबीची भाजी, लोणचं, शेवयांची खीर. २३० पानांना तांदूळ २५ किलो, काळे वाटाणे ९ किलो, कोबी १८ किलो, नारळ २५. वाटाणे आदल्या संध्याकाळी भिजवा, बारा तास तरी. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी असेल तर ते शिजत नाहीत, गोडं पाणी आणा आणि आधी कुकरला काढून घ्या. मीठ शेवटी.

घरून पदार्थ मागवायचे तर वेगळं टेबल, आणि टिकणारेच: सेल रोटी (नेपाळी, तांदळाच्या पिठाचं तळलेलं कडं), सांदणं, ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी. ओल्या नारळाची चटणी आणि रस नको, उन्हात तीन तासांत आंबतो. घावणेही नकोत, चामड्यासारखे होतात. प्रत्येक ताटाशी पदार्थाचं नाव आणि त्यात काय घातलंय ते त्या मुलाच्याच अक्षरात. वाढायला सगळ्या वर्गांतली मुलं मिसळून नेमा, एका वर्गाला एकच काम देऊ नका.

उधाण

एक गोष्ट पटली नाही. सहा इथले नि सहा तिथले असं मोजून टोळी केलीत की मुलांना लगेच कळतं आपण कशासाठी उभे आहोत. ज्याला मादल शिकायचाय त्याला घ्या, आकडा जमेल तसा जमू दे. नेपाळी मुलाला नाचायचंच नसेल, बॅडमिंटन खेळायचं असेल, तर त्यालाही पान आहे ना वहीत? आणि ‘परप्रांतीय विद्यार्थी विशेष सन्मान’ असली ढाल कोणी देणगीदार घेऊन आलाच तर त्याच पैशाची दप्तरं घ्या.

चाळ

आकड्याचं मान्य. बारा मात्र हवेत, त्याखाली गोल भरत नाही.

वायंगण

वही उद्याच आणतो. किती पानी?

जनरल रजिस्टर

२१४ मुलं, अर्धं पान, म्हणजे १०७ पानं. नवीन येणाऱ्यांसाठी मागे ३० राखा. २०० पानी पुरते. शिलाईची घ्या, स्पायरल नको. खाऱ्या हवेत तार गंजते आणि पानं सुटतात. मे महिन्यात जाणाऱ्या मुलाच्या दाखल्यासोबत त्याच्या अर्ध्या पानाची झेरॉक्स सही-शिक्क्यानिशी द्या, पुढच्या शाळेला उपयोगी पडते.