बजेटमधला कॉर्डलेस ड्रिल + इम्पॅक्ट ड्रायव्हर सेट, नक्की कुठला घ्यावा?

गच्चीतली_बाग:
नमस्कार मंडळी, पुनावळ्याला नवीन फ्लॅटचा ताबा मिळालाय आणि कामांची रांग लागलीय. पडद्यांचे रॉड, टीव्ही, किचनमधल्या दोन फळ्या, बाल्कनीसाठी पाइनचं एक बाकडं आणि कुंड्यांचा स्टँड. प्रत्येक छोट्या कामाला माणूस बोलवायचा म्हणजे तो रविवारी येतो सांगतो आणि येतच नाही. आणि खरं सांगू का, मला हे सगळं स्वतःच करायचंय. बाबांच्या हाताखाली रंधा-पटाशी चालवलीय त्यामुळे लाकडाची भीती नाही, पण पॉवर टूल पहिल्यांदाच घेतेय.

बजेट १० हजार, फार तर १२. ऑनलाइन दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे कधी नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे सेट, ड्रिल + इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन बॅटऱ्या, पेटीभर बिट आणि वर मोठ्या अक्षरात ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट असं काहीतरी. दुसरे बॉश, मकिता वगैरेंचे १२ व्होल्टवाले, महाग आणि कागदावर एकदम कमी ताकदीचे. एकीकडे ३० एनएम (न्यूटन-मीटर, फिरवण्याचा जोर) लिहिलंय आणि दुसरीकडे ३५०, मग माणसाने काय समजायचं? १२ पुरेल की १८च घ्यावं? आणि दोन्ही मशीन खरंच लागतात का?

हो, भिंती मिवानच्या आहेत असं साइटवर सांगितलं होतं, त्याने काही फरक पडतो का?

सह्यकडा:
मिवान म्हणजे सगळ्या भिंती आरसीसी, वीट नाहीच. तुमच्या बजेटमधला कुठलाच कॉर्डलेस ड्रिल तिथे नीट चालणार नाही, १२ नाही आणि १८ पण नाही. आधी हे डोक्यात पक्कं करा मग बाकीचं.

कार्बन_आर्मेचर:
ताई, आमचं नाशिकला पॉवर टूल रिपेअरिंगचं दुकान आहे त्यामुळे ही मशीन रोज टेबलावर उघडी पडलेली असतात, जरा सविस्तर लिहितो.

आधी व्होल्ट. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा धरतात, फुल चार्ज झाला की ४.२ पर्यंत जातो. पाच सेल एका ओळीत जोडले की १८ व्होल्ट, तोच पॅक फुल चार्जला २१ दाखवतो. म्हणजे १८, २० आणि २१ व्होल्ट हे तिन्ही एकच. आणि ते ४८ आणि ८८ लिहिलेले? माझ्याकडे जे आले ते सगळे उघडले तर आत तेच पाच सेल. बाहेरचा आकडा फक्त स्टिकरचा. १२ व्होल्टमध्ये तीन सेल असतात, म्हणजे खरे १०.८.

स्वस्त पॅक मरतो तो दुसऱ्याच कारणाने. पाच सेल एकसारखे भरतात-रिकामे होतात की नाही हे बघणारं सर्किट त्यात बऱ्याचदा नसतंच. मग एक सेल मागे पडतो आणि बाकीचे चार चांगले असूनही अख्खा पॅक बसतो. मल्टिमीटर लावला की स्पष्ट दिसतं, चार सेल ३.९ दाखवतात आणि एक १ च्या खाली गेलेला असतो. चार्जर पण नुसता अॅडॉप्टर, बॅटरी तापलीय की नाही ते त्याला कळतच नाही. चांगल्या कंपनीच्या पॅकला प्लस-मायनस सोडून आणखी एखादं टर्मिनल असतं ना, त्यावरून चार्जरला तापमान कळतं. शिवाय मशीनचा गिअर गेला, स्विच गेला तर पार्ट मिळत नाही आणि गिऱ्हाईक मशीन माझ्याकडेच सोडून जातं. म्हणून ३५० एनएम वगैरे वाचून अजिबात भुलू नका.

आता दोन्ही मशीनचं काम वेगळं आहे ते समजून घ्या. ड्रिलला क्लच असतो, चकच्या (बिट पकडणाऱ्या जबड्याच्या) मागची ती आकडे लिहिलेली रिंग. ठरावीक जोर झाला की तो कटकट करून सुटतो, त्यामुळे कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू पार्टिकल बोर्डात फुकट फिरत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच नसतो. त्यात एक छोटा हॅमर असतो, स्क्रू अडला की तो स्प्रिंगवर मागे सरकून फिरण्याच्याच दिशेने टोले द्यायला लागतो, मिनिटाला ३ हजारांच्या आसपास. म्हणून लांब स्क्रू सागवानात सुद्धा जातो आणि तुमचं मनगट पिळत नाही. पण हे टोले गोल फिरवण्याचे आहेत, भिंतीत पुढे ठोकण्याचे नाहीत. इम्पॅक्ट ड्रायव्हर भिंतीसाठी समजून घेतलेले लोक आमच्याकडे दर आठवड्याला येतात, दुकानदार सांगतच नाही त्यांना.

भिंतीत पुढे ठोकायला काही ड्रिलवर हातोडीची खूण असलेला मोड असतो. त्यात दातेरी दोन चकत्या एकमेकींवर घासून थरथर होते, विटेला ती पुरते. काँक्रीटला लागते रोटरी हॅमर, एसडीएस प्लसवाली (म्हणजे खाचा असलेलं बिट नुसतं ढकलून बसतं ती), आत पिस्टन हवेच्या दाबाने बिटच्या बुडावर ठोकतो. २ किलोच्या क्लासमधली, ७००-८०० वॉटची वायरवाली घरासाठी भरपूर झाली. तुम्ही नुसतं धरायचं, दाबायला लागत नाही.

तर माझं मत, लाकडासाठी १२ व्होल्टचीच जोडी घ्या, एकाच कंपनीची म्हणजे बॅटरी दोन्हीत बसेल. बॉशचं जीएसआर १२०-एलआय ३० एनएमचं आहे आणि त्याच बॅटरीवरचा जीडीआर १२०-एलआय इम्पॅक्ट ड्रायव्हर १०० एनएमचा, तुमच्या बाकड्याला याहून जास्त काही लागत नाही. मकिताची १२ व्होल्टची जोडी पण त्याच ताकदीची. तुमच्या केसमध्ये हॅमरवाला ड्रिल घेऊन जास्तीचे पैसे घालू नका, त्या भिंतीत तो काही करणार नाही.

माळरान७:
वरचं सगळं पटलं पण १२ व्होल्टबद्दल माझं मत वेगळं आहे. आम्ही सांगलीकडे गोठ्याचे, पॉलिहाउसचे पत्रे टाकतो. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लोखंडी चॅनलमधून ओढायचे असतील तर १२ व्होल्ट दमतं, बॅटरी पण सारखी बदलावी लागते. साधा हिशोब बघा, १८ व्होल्ट २ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) म्हणजे ३६ वॉट-अवर आणि १०.८ व्होल्ट २ एएच म्हणजे २१.६. शिवाय पुढे ग्राइंडर, ब्लोअर, करवत त्याच बॅटरीवर घ्यायची असेल तर १८ मध्ये पर्याय खूप आहेत. एकदा १२ मध्ये पैसे घातले की त्या बॅटऱ्या १८ च्या मशीनला लागत नाहीत. ताईंना पुढे मोठं काम करायचं असेल तर आत्ताच विचार करावा. आज नुसता १८ चा ड्रिल घ्या, इम्पॅक्ट ड्रायव्हर नंतर बॅटरीशिवाय मिळतो तो घ्या.

कार्बन_आर्मेचर:
दादा तुमच्या पत्र्याच्या कामाला १८च, त्यात वादच नाही. पण फ्लॅटमध्ये कपाटाच्या आत हात घालून, नाहीतर शिडीवर उभं राहून काम करायचं असतं तिथे वजन आणि लांबी फार जाणवते. पहिल्यांदा घेणाऱ्याने दुकानात दोन्ही हात वर करून धरून बघावं आणि मग ठरवावं.

गच्चीतली_बाग:
सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. मोठं काम करायचा विचार नाही, तेव्हा १२ ची जोडी. पण रोटरी हॅमर पण घेतली तर बजेट फाटतंय. आणि बिटचं काय, पेटीभर मिळतात ते चालतात का?

सागवान_शिसम:
रोटरी हॅमर विकत घेऊच नका, हार्डवेअरवाले दिवसाच्या भाड्याने देतात. पुण्यात बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात जोडी बघायला जाल तेव्हा तिथेच चौकशी करा. पण मशीन आणायच्या आधी घरभर पेन्सिलने सगळ्या खुणा करून ठेवा, पडदे, टीव्ही, फळ्या, आरसा, गिझर सगळं, आणि एकाच दिवसात उरकून टाका, शेजाऱ्यांना पण एकदाच त्रास. स्विच बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक नको, वायरचा पाइप तिथून गेलेला असतो. बिल्डरकडून वायरिंगचा नकाशा मिळाला तर फारच चांगलं. मध्येच बिट एकदम अडलं आणि लोखंडाचा चुरा यायला लागला तर सळई लागलीय, जोर करू नका, दोन बोटं बाजूला घ्या. बाथरूमच्या टाइलला आधी टाइलचं भाल्यासारखं टोक असलेलं बिट, हॅमर बंद ठेवून, टाइल पार झाली की मगच हॅमर. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोकू नका, नाहीतर ती अर्ध्यातच अडकते. फुंकताना डोळे मिटा किंवा सरळ चष्मा घाला.

बिटच्या पेटीवर एक रुपया घालू नका. इम्पॅक्ट ड्रायव्हरचे टोले खाऊन साधं बिट पहिल्याच तासात गोल होतं आणि स्क्रूचं डोकं पण खातं. इम्पॅक्टचे म्हणून वेगळे मिळतात ते पीएच२ चार-पाच घ्या आणि पीझेड२ दोन, ही स्क्रूच्या खाचेच्या आकाराची नावं आहेत. बाजारातले काळे स्क्रू पीएच२ आहेत, पण हेटिच, ब्लूमच्या बिजागऱ्यांवरचे स्क्रू पीझेड२, त्यांच्या चार खाचांच्या मधे बारीक रेघा दिसतात, तिथे पीएच लावलं की घसरतं. पाइनच्या बाकड्याला स्क्रू टोकाजवळ येत असेल तर आधी ३ मिमीचं भोक मारून घ्या, पाइन लगेच चिरतं. ते भोक ड्रिलने मारा, स्क्रू इम्पॅक्टने ओढा, दोन मशीन हाताशी असली की सारखं बिट बदलायला लागत नाही, जोडी घेण्याचा खरा फायदा हाच आहे. डोकं लाकडाला टेकलं की लगेच ट्रिगर सोडा, पाइनमध्ये ते अर्धा इंच आत जायला वेळ लागत नाही. आणि कानात बोळे घाला, बंद बाल्कनीत इम्पॅक्टचा आवाज फार होतो.