प्लायवूडचा घोडा

एका पालकांनी विचारलंय: मुलगा पंधरा वर्षांचा, बंदुकांचं वेड, घरात बंदूक नाही आणि आणायचीही नाही. मग हातांना काम काय द्यायचं, असा मूळ प्रश्न आहे. त्यांना कुणीतरी व्हिडिओ गेम सुचवलाय, पण त्यात हाताला काय लागणार?

मी त्या वयात चकमकीच्या बंदुकीची, म्हणजे फ्लिंटलॉकची, नुसती कळ, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, प्लायवूडमध्ये केली होती. मूळ मापाच्या पाचपट, पाटीवर खिळ्यांनी बसवलेली. नळी नाही, दारू नाही. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारा भाग; त्याच्यामागच्या चकतीला दोन खाचा असतात. पहिली खोल, तीत घोडा अडकला की चाप ओढूनही सुटत नाही. दुसरी उथळ, तिथून सुटतो. स्प्रिंगच्या जागी रबरबँड. माझी दुसरी खाच चार वेळा फसली, दर वेळी घोडा आपोआप पडायचा. कानशीने कोन जरासा बदलला आणि थांबला. धारेचा एवढासा फरक काय करतो, हे तेव्हा बोटांना कळलं.

लाकूडकाम जमत नसेल तर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बोल्ट अ‍ॅक्शनचं, म्हणजे हाताने दांडा (बोल्ट) फिरवून-ओढून गोळी भरायच्या रायफलच्या यंत्रणेचं, अ‍ॅनिमेशन करू दे. बोल्ट फिरून खाचेत कसा बसतो ते दाखवताना घाम फुटतो. मॉडेल जोडायचे प्लास्टिकचे किट ठीक आहेत, लवकर संपतात.

नेमबाजीचीच ओढ असेल तर क्लबात एअर रायफल, प्रशिक्षकासमोर. १० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो!

आणि हो, हुबेहूब दिसणारी प्रतिकृती केलीच तर ती घराबाहेर न्यायची नाही. लांबून ती कुणाला खेळणं वाटत नाही.