तिसरीत आहे, घाई कसली?

तुमची मुलगी शाळेच्या वाचन चाचणीत 'गोष्ट' पातळीला पोचली, म्हणून तिला हुशार मुलांच्या खास बॅचला घालावं का, असं विचारलंत. जरा थांबा. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षण-सर्वेक्षणाच्या धर्तीवरची चाचणी असेल तर अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या असतात आणि सगळ्यात वरची गोष्टही दुसरीच्या पुस्तकाइतकीच सोपी. मागे कोण राहिलंय ते त्यात दिसतं. पुढे कोण किती गेलंय, ते मोजायची सोयच नाही.

आमचा पुतण्या दुसरीत धडाधड वाचायचा. एका रविवारी मिसळीच्या हॉटेलात नंबर लागायची वाट बघत होतो, तेव्हा त्याने पाटी खणखणीत वाचली, "पार्सलसाठी डबा घरून आणावा." मी म्हटलं, का रे असं? गप्प. त्याची धाकटी बहीण अजून बोट ठेवून अडखळत वाचते, ती म्हणाली, "यांचे डबे कोणी परत देत नसेल!" आता हुशार कोणाला म्हणायचं? (तर्री मात्र दोघांनाही झेपली नाही.)

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी या हुशार मुलांच्या प्रशालेतही निवड होते ती पाचवीच्या प्रवेशासाठी, नवोदय विद्यालयाची तर सहावीच्या. तिसरीतल्या पोरीला बॅच कशाला? त्या फीच्या पैशात 'सावाना'चं, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं, सभासदत्व घ्या. १८४० पासूनचं वाचनालय आहे, आणि पुस्तक तिलाच निवडू द्या. माझा पुतण्या पहिले दोन महिने नुसती चित्रं बघत होता, आम्ही काही बोललो नाही.