मदत हवी आहे: जाड नळी, १९२ एमपीए ओलांडूनही कोड भार घेतच राहतो

नमस्कार मंडळी,

एमटेकच्या प्रबंधासाठी पायथनमध्ये स्वतःचा फायनाइट एलिमेंट कोड (वस्तू छोट्या तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटमध्ये, विभागून स्ट्रेस काढणारा) लिहितेय. विषय ऑटोफ्रेटेज. जाड नळीला आतून इतका दाब द्यायचा की आतला थर यील्ड व्हावा, म्हणजे त्याचा आकार कायमचा बदलावा; दाब काढला की त्या थरात कॉम्प्रेसिव्ह रेसिड्युअल स्ट्रेस (दाबून धरणारा, मागे राहिलेला ताण) उरतो आणि पुढे तडे जायला वेळ लागतो.

आधी कोडची परीक्षा म्हणून नेहमीचं उदाहरण घेतलं. आतली त्रिज्या १०० आणि बाहेरची २०० मिमी, यंग्ज मोड्युलस २१० जीपीए, पॉयसन रेशो ०.३, यील्ड स्ट्रेस २४० एमपीए, हार्डनिंग नाही (यील्डनंतर धातू आणखी कठीण होत नाही), प्लेन स्ट्रेन (नळीच्या लांबीच्या दिशेने स्ट्रेन शून्य). फॉन मिझेसच्या यील्ड निकषाने नळी पूर्ण प्लॅस्टिक होण्याचा दाब निघतो २/√३ × २४० × २ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे १९२ एमपीए. यील्ड १०४ च्या आसपास सुरू होतं, ते बरोबर येतं. पण चार नोडचे (कोपऱ्यांच्या बिंदूंचे) एलिमेंट आणि प्रत्येकात २×२ गाऊस पॉइंट (जिथे स्ट्रेस मोजतात ते बिंदू) घेतले की १९२ च्या पुढेही दाब चढतच राहतो. मेश बारीक करूनही तेच.

रिटर्न मॅपिंगवर (यील्डची मर्यादा ओलांडलेला स्ट्रेस पुन्हा मर्यादेवर आणणाऱ्या पायरीवर) माझा संशय नाही. टँजंट (स्ट्रेन बदलला की स्ट्रेस किती बदलतो ते सांगणारं मॅट्रिक्स) १९८५ च्या सिमो-टेलर पद्धतीचा, म्हणजे रिटर्न मॅपिंगशी कन्सिस्टंट आहे, स्ट्रेन किंचित हलवून ताडूनही पाहिला. न्यूटन पद्धतीच्या इटरेशनमध्ये रेसिड्युअल (उरलेला असमतोल) ०.०१, ०.०००१, ०.०००००००१ असा झपझप उतरतो. शिवाय टँजंट चुकला तर इटरेशन वाढतात. जुळलेलं उत्तर त्यामुळे बदलत नाही.

मला दिसतंय ते असं: डेव्हियाटोरिक स्ट्रेस (आकार बदलणारा भाग) अगदी स्वच्छ आहेत, पण हायड्रोस्टॅटिक स्ट्रेस (सर्व बाजूंनी सारखा दाबणारा भाग) शेजारच्या गाऊस पॉइंटला एकदम वर, पुढच्याला एकदम खाली, बुद्धिबळाच्या पटासारखा. प्लॅस्टिक प्रवाहात आकारमान बदलत नाही, आणि ही अट प्रत्येक गाऊस पॉइंटला पाळायची तर एलिमेंटकडे तेवढी मोकळीकच नाही. नागतेगाल, पार्क्स आणि राइस यांनी १९७४ मध्ये दाखवलेलं लॉकिंग (एलिमेंट खोटा ताठ होणं) ते हेच ना?

तसं असेल तर बी-बार (आकारमानाचा स्ट्रेन एलिमेंटभर सरासरीने घेणारी पद्धत) वापरू की आठ नोड आणि रिड्यूस्ड इंटिग्रेशन (कमी गाऊस पॉइंट)? पुढे लार्ज स्ट्रेनकडे जायचंय, म्हणून आजच योग्य वाट धरावीशी वाटते. बी-बारमध्ये स्टिफनेसच्या गुणाकारात टँजंटच्या दोन्ही बाजूंना तोच बदललेला बी (डिस्प्लेसमेंटवरून स्ट्रेन देणारं मॅट्रिक्स) घेतला की पुरतं, की मटेरियल टँजंटलाही हात लावावा लागतो?

आणखी एक अडचण. लॉकिंग गेलं की १९२ जवळ स्टिफनेस मॅट्रिक्स सिंग्युलर होणार. तिथे आर्क-लेंग्थ (भार आणि डिस्प्लेसमेंट दोन्ही एकत्र पुढे नेणारी पद्धत) लावू, की आतल्या कडेला रेडियल डिस्प्लेसमेंट देऊन रिअॅक्शनवरून दाब काढू? दुसरा मार्ग सोपा वाटतो, पण ऑटोफ्रेटेजमध्ये त्यानंतर दाब शून्यावर आणायचा असतो. मधेच डिस्प्लेसमेंट कंट्रोल सोडून दाबावर यायचं, तेही गाऊस पॉइंटवरचा प्लॅस्टिक स्ट्रेन तसाच राखून, हे कुणी केलंय का?

एलिमेंटचं रूटीन आणि हायड्रोस्टॅटिक स्ट्रेसचा आलेख हवा असेल तर इथेच डकवते.